सायकलवरून आपटलेला गृहस्थ

"बटण आहे ते," दुर्बीण डॉक्टर म्हणाले. "शर्टाचं बटण. तुमच्या यंत्राला आता बटणातही गाठ दिसायला लागली."

खोलीत हशा पिकला. एक्स-रे विभागाच्या या प्रमुखांना सगळे त्यांच्यामागे 'दुर्बीण' म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. आज पैज लागली होती. छातीचा प्रत्येक एक्स-रे आधी डॉक्टरांनी पाहायचा, मग नव्या एआयनं. त्यांच्या नजरेतून निसटलेलं काही त्यानं खरोखर दाखवलं, तर सोमवारपासून सगळ्या विभागानं ते वापरायला शिकायचं, प्रमुखांसकट. नाहीतर यंत्राला नारळ.

पैज लावली होती त्यांच्या बायकोनं. त्या याच इस्पितळात फुप्फुसांच्या डॉक्टर. इथे त्या नवऱ्याला अगदी शिस्तीत 'सर' म्हणत. गेलं वर्षभर त्या सरांच्या मागे लागल्या होत्या, की जरा हे शिकून घ्या. उत्तर एकच यायचं, वेळ कुणाला आहे? ते खोटंही नव्हतं. डॉक्टरांनी गरम चहा शेवटचा कधी प्यायला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. म्हणून मॅडमनी पैजेसाठी एक्स-रेही आतलेच आणले होते. कर्मचाऱ्यांच्या वार्षिक तपासणीतले, वाचायला वेळ न मिळाल्यानं नुसतेच पडून राहिलेले. पडद्याच्या कोपऱ्यात, जिथे नाव येतं तिथे, त्यांनी चिकटपट्टी लावून टाकली होती.

आतापर्यंत यंत्राची डाळ शिजली नव्हती. जे त्याला दिसत होतं, ते डॉक्टरांना आधीच दिसलेलं असायचं. डॉक्टर रंगात आले होते. पुढचा एक्स-रे उघडला तसे ते खुर्चीत मागे रेलले.

"डावीकडची बरगडी बघा. जुनी मोडलेली, आपली आपणच जुळलेली. तरुणपणी हा गृहस्थ सायकलवरून आपटलाय आणि डॉक्टरकडे फिरकलेलासुद्धा नाही. बाकी सगळं स्वच्छ. पुढचा घ्या."

खोलीतली शिकाऊ डॉक्टर पोरं पुन्हा हसली. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत.

यंत्रानं बरगडीला हातच लावला नाही. त्यानं उजवीकडे वर, गळ्याच्या हाडाआड, एक इवलंसं वर्तुळ काढलं. रक्तवाहिनी असेल, डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी चित्र मोठं केलं. चष्मा पुसला. आणखी मोठं केलं.

एक दोष सापडला की डोळे खूश होतात आणि पुढे शोधायचं सोडून देतात, हे ते दर वर्षी नव्या डॉक्टरांना कंठशोष करून सांगत. आज त्या बरगडीनं त्यांनाच गंडवलं होतं.

"आहे," ते म्हणाले आणि ताडकन उठले. "गाठ आहे. मला दिसली नव्हती, आणि या पठ्ठ्यानं पकडली."

पैज हरल्याचं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. नवी सायकल मिळालेल्या पोरासारखा त्यांचा चेहरा उजळला होता. ते येरझारा घालत भराभर बोलत सुटले. एवढीशी असताना सापडली म्हणजे हा माणूस नशीबवान. वाईट निघाली तरी काढून टाकता येईल, नातवंडांच्या लग्नात नाचेल तो. यंत्र कसं चालवायचं ते आत्ता दाखवा, सोमवार कशाला हवा? उरलेले सगळे एक्स-रे आजच त्याच्याबरोबर बसून पुन्हा पाहायचे. आणि आधी या माणसाला बोलवा.

"कामं आहेत, वेळ नाही, असलं काही सांगायला लागला तर माझ्याकडे पाठवा," ते म्हणाले. "कान उपटतो त्याचे."

मॅडम जागच्या उठल्या. चिकटपट्टीला त्यांनी हात लावला नाही. त्या सरळ नवऱ्याजवळ आल्या आणि त्यांचा दंड घट्ट धरला. इस्पितळात आजवर कुणी न ऐकलेल्या घरच्या आवाजात त्या म्हणाल्या,

"सायकलच होती. कॉलेजच्या फाटकासमोर, मला दाखवायला दोन्ही हात सोडून चालवत होतास. उपट आता स्वतःचे कान, आणि चल."