आठच्या आत पडदा

"अकरा दिवस झाले, मी खिडकीचा पडदा उघडलेला नाही. एक माणूस फिरकला नाही. तक्रार कुठे लिहून घेता?"

नोंदणी कारकुनाने मान वर केली. समोर सत्तरीच्या एक बाई उभ्या होत्या. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या, आवाज अजून खणखणीत. त्यांच्या हातात नगरपालिकेच्या जाहीर सूचनेचं कात्रण होतं. ती सूचना त्यानेच लिहिली होती. गावाचे त्रेचाळीस जुनाट नियम सोमवारपासून रद्द होणार होते. गाढवाला टोपी घालून कचेरीच्या आवारात आणू नये. पुलावरून उलटं चालू नये. यादी करताना अख्खं ऑफिस पोट धरून हसलं होतं. त्यातही सगळ्यांत मोठा हशा कलम सत्तावीसला. एकट्या राहणाऱ्याने सकाळी आठच्या आत खिडकीचा पडदा उघडावा. न उघडल्यास पहारेकऱ्याने दार तीनदा ठोठावावं आणि आतल्याने 'आहे' असं मोठ्याने सांगावं. कुठल्याशा साथीच्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यातून निघालेलं.

"अहो बाई, पहारेकऱ्याचं पद मोडीत निघून चाळीस वर्षं झाली," कारकून म्हणाला.

"निघालं ना. तेव्हा त्याची कामं नोंदणी कारकुनाकडे वर्ग झाली. ठराव वाचूनच आलेय मी. म्हणजे अकरा दिवस कामचुकारपणा तुम्ही केलात."

मागच्या टेबलांवर खसखस पिकली. कारकुनाचे कान तापले.

"हसा, हसा," बाई म्हणाल्या. "आमच्या खालच्या मजल्यावरचे ड्रॉइंग मास्तर गेले, ते सहा दिवसांनी कळलं. तेही मीटर बघायला माणूस आला म्हणून. मी रोज त्यांच्या दारावरून जात होते हो. मरणाची नाही मला भीती वाटत. तसं पडून राहायची वाटते."

मग कुणी हसलं नाही. कारकुनाने कॅलेंडरकडे पाहिलं. शुक्रवार होता. नियमाच्या अजून दोन सकाळी शिल्लक होत्या. त्याने कपाटाच्या तळातून 'एकट्या राहणाऱ्यांची नोंदवही' काढली, फुंकर मारून धूळ उडवली आणि बाईंचं नाव, पत्ता लिहिला.

"साहेब, तुम्हीही एकटेच राहता, आता स्वतःचंही नाव घाला की," मागून कुणीतरी म्हणालं. "नियम म्हणजे नियम!"

पुन्हा हशा झाला. कारकूनही हसला आणि थट्टेत थट्टा म्हणून त्याने खाली आपला पत्ता लिहिला. बेकरीच्या वर, दुसरा मजला. बाईंनी चष्मा सारखा करून दोन्ही ओळी वाचल्या आणि त्या गेल्या.

शनिवारी तो चरफडतच त्यांचा जिना चढला. सुट्टीच्या दिवशी हे काय लचांड! त्याने तीनदा दार ठोठावलं.

"आहे!"

आवाज इतक्या लगेच आला, की बाई दाराला टेकूनच उभ्या असाव्यात. पुढे काय बोलायचं ते नियमात नव्हतं. तो खाली उतरला. रविवारी मात्र तो दाढी करून गेला. त्या दिवशीच्या 'आहे'मध्ये किंचित हसू होतं. दिवसभर त्याला उगीचच हलकं वाटत राहिलं.

सोमवारी साडेसातला तो एका पायात मोजा घालून पलंगाच्या कडेला बसला होता. दुसरा मोजा हातातच होता. नियम रात्री बाराला संपला होता. आता कुठल्या अधिकाराने तो जिना चढायचा? बाई काय म्हणतील? त्यापेक्षा सरळ ऑफिस गाठावं हे बरं. पण पाय निघेना. खोलीत बल्ब जळत होता. तो दिवसाही जळायचा. नऊ वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून त्याने खिडकीचा पडदा उघडलाच नव्हता. कुणासाठी उघडायचा?

आठ वाजले. दारावर तीनदा थाप पडली.

तो दचकून उठला. "बाई? अहो, नियम आजपासून रद्द झालाय."

"ठाऊक आहे," बाहेरून धापा टाकत आवाज आला. "दोन मजले चढून आलेय. आवाज द्या."

त्याने घसा खाकरला. या खोलीत कुणाला उत्तर द्यायची सवयच मोडली होती.

"आहे," तो पुटपुटला.

"मोठ्याने. तसं लिहिलंय त्यात."

"आहे!" तो ओरडला, आणि तसाच एका मोज्यावर खिडकीशी जाऊन त्याने पडदा उघडला.