साक्षीदार

"पट्टा ओटीपोटावर नीट बसलाय ना, मावशी?" समुपदेशक मुजावर मॅडमनी विचारलं. शालनबाईंनी मान हलवली. शेजारच्या खाटेवर त्यांची सून हेमांगी पाय पोटाशी घेऊन पडली होती. तिलाही तसाच पट्टा बांधलेला होता.

ओलं धुणं पिळावं तसं पोटात दुखतं, असं ती सात वर्षं सांगत होती. बायकांना दुखायचंच, असं घरचे सात वर्षं म्हणत होते. आता मात्र या पट्ट्यांमधून तिचं दुखणं पाच मिनिटं घरच्याच कुणाच्या तरी अंगात सोडता येत होतं. तो साक्षीदार कळवळला, की औषधं आणि समुपदेशन मंजूर व्हायचं. नवरा यायला तयार होता. पण बाईचं बाईलाच कळेल, म्हणून हेमांगीनं सासूला आणलं.

मॅडमनी बटण दाबलं. हेमांगी सासूच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. त्यावरची रेषही हलली नाही.

पाच मिनिटांनी यंत्राच्या पडद्यावर अक्षरं उमटली. 'साक्षीदाराला त्रास नाही. अर्ज नामंजूर.'

"आई, तुम्हाला काहीच नाही झालं?" हेमांगी कोपरावर उठत म्हणाली.

"दुखलं की." शालनबाई पट्टा सोडत म्हणाल्या. "पण हे तर माझं रोजचंच आहे गं. लग्नाच्या आधीपासूनचं."

पट्ट्याची घडी घालता घालता त्या थांबल्या. मग त्यांनी मॅडमना हळूच विचारलं, "का हो, हे सगळ्यांनाच नसतं होय?"