जुळत नाही

डॉक्टर श्रीपादांनी गाडीची किल्ली उचलली तशी त्यांच्या पत्नी पद्मजाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"जनूला शब्द दिला होतात ना? तो बिचारा जाऊनही इतकी वर्षं झाली. मग आता कशाला चामटोलीला?"

"शब्द पाळला म्हणूनच तर हे झालं."

"तिला हलकं वाटावं म्हणून चाललात, की तुम्हाला?"

डॉक्टरांनी किल्ली खिशात टाकली. चपला घातल्या आणि निघाले.

निमित्त कालच्या सत्काराचं. डॉक्टरांनी अंबरनाथ पश्चिमेचा दवाखाना बंद केला, म्हणून जुन्या पेशंटांनी बदलापुरात हॉल घेऊन कार्यक्रम ठेवला होता. एके काळी या पट्ट्यात कुणाची किडनी बिघडली की त्याला थेट मुंबई गाठावी लागे. डॉक्टर इथे आले, खटपटी करून उल्हासनगरला डायलिसिसचं सेंटर उभं केलं, तेव्हा कुठे लोकांचे हाल थांबले. काल सगळ्यांनी भरभरून बोलून घेतलं. शाल झाली, नारळ झाला. मग चामटोलीच्या ठमाबाईला माईकपाशी आणलं. तिचा नवरा जनू हा डॉक्टरांचा अगदी सुरुवातीचा पेशंट, आणि तो काही वाचला नव्हता. तरी ही बाई दर दिवाळीनंतर नवा तांदूळ घेऊन डॉक्टरांकडे यायची. एक वर्ष चुकवलं नाही तिने.

"मी किडनी द्याला तयार व्हती," ती माईकवर म्हणाली. "पन माजी जुलली नाय. डाक्टरांनी तपासून सांगितला. माजा शरीरच कामाचा नव्हता, त्याला कोन काय करनार?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिचा मुलगा प्रीतम पहिल्या रांगेत डोळे पुसत होता. डॉक्टरांना मात्र अंगावरची शाल नकोशी झाली.

कारण ठमाबाईची किडनी जुळत होती. चांगली जुळत होती.

रिपोर्ट आले त्या दिवशी जनू एकटाच आत आला. दार लावून घेतलं आणि त्याने हात जोडले. म्हणाला, तिची जुळत असली तरी जुळत नाही म्हणूनच सांगा. पोरं लहान आहेत, दोघंही आडवी झालो तर त्यांना कोण बघणार? डॉक्टरांनी परोपरीने समजावलं. एका किडनीवर माणूस धडधाकट जगतो, शेतातली कामंसुद्धा करतो, सगळं सांगून पाहिलं. गडी ऐकेचना. शेवटी म्हणाला, ऐकत नसाल तर उद्यापासून डायलिसिसलाही येत नाही, बसा. आणि वर शब्द घेतला, की माझ्यामागेसुद्धा हे तिला कळता कामा नये.

आता अशा माणसापुढे काय करायचं? डॉक्टर तरुण होते. त्यांना वाटलं, आज हो म्हणू, हळूहळू वळवू. पण जनू वळला नाही, आणि पुढचा पावसाळा काही त्याने पाहिला नाही.

त्या दिवशी मात्र तो हसत बाहेर गेला. बाकावर बसलेल्या बायकोच्या कानाशी काहीतरी बोलला, आणि मग ती आत आली. डॉक्टरांनी जुळत नाही म्हणून सांगितलं. इतर बायका अशा वेळी वाद घालतात, पुन्हा तपासा म्हणून हटून बसतात. ठमाबाईने एवढंच विचारलं, "खरंच नाय ना जुलत?" डॉक्टर खरंच नाही म्हणाले. ती मटकन खाली बसली, पदर तोंडाशी धरून रडली, आणि जाताना त्यांच्या पाया पडून गेली.

खोटं बोलणाऱ्याच्या पाया पडली बिचारी! ते डॉक्टरांच्या मनातून कधी गेलंच नाही. त्यानंतर ते एकाही पेशंटशी खोटं बोलले नाहीत. फटकळ डॉक्टर म्हणून नाव झालं, झालं तर झालं. पण तिच्या तांदळाचा भात पानात आला की ते तो बाजूला सारत. या बाईचा नवरा मी वाचवू शकलो असतो, आणि ती दोष देते आपल्या शरीराला. हे असंच ठेवून मरायचं का?

ठमाबाई अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. दारात डॉक्टर बघून तिची त्रेधाच उडाली. खुर्ची आली, पाणी आलं, सून नूतन चहा ठेवायला आत पळाली. प्रीतम कामावर गेला होता. डॉक्टरांनी आढेवेढे घेतले नाहीत. जनूने दार लावून घेतलं तिथपासून सगळं सांगून टाकलं.

"तुमच्या शरीरात काही कमी नव्हतं, ठमाबाई," ते म्हणाले. "किडनी जुळत होती. तुमच्या अंगाला सुरी लागू नये म्हणून त्यानेच नको म्हटलं. फार जीव होता त्याचा तुमच्यावर."

बोलून झालं आणि डॉक्टरांना सुटल्यासारखं वाटलं. आता ती रडेल, रागावेल, दोन शब्द सुनावेल. सुनावू दे. तिचा तो हक्कच होता.

 ठमाबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिने विचारलं, "खरंच जुलत व्हती?"

"खरंच."

आत सून कपबशा काढत होती. ठमाबाईने एकदा तिकडे बघितलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"मना लय भ्या वाटला व्हता, डाक्टर. जुलली तरी जुलत नाय म्हनून सांगा, असा तुमाना बोलाला मीच त्यांना आत धाडला व्हता. भायेर आले ते हसत आले. मना बोलले, काय सांगाची गरजच पडली नाय, तुजी खरंच जुलत नाय."