उत्तराआधीचे चार सेकंद

“झालं, काकू. डिस्कचे भाग आखताना सुरुवातच चुकली होती. प्रत्येक आठवण दोन खणांत अर्धी-अर्धी पडायची, म्हणून यंत्राला दोनदा वाचावं लागायचं. आता काका झटपट बोलतील,” दुरुस्तीला आलेले कदम म्हणाले.

अनसूयाबाई हसल्या. “जिवंतपणीही ते कधी झटपट बोलले नाहीत हो!”

माधवरावांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यांच्या आठवणी आणि आवाज फळीवरच्या डबीत होते. रोज चहाच्या वेळी अनसूयाबाई एकच प्रश्न विचारत. माधवराव चार सेकंद गप्प राहत, मग उत्तर देत. इतका विचार करून दिलेलं उत्तर खरंच असणार, या भरवशावर त्या जगत होत्या.

“अहो, शेवटच्या दिवशी मी तुम्हाला दवाखान्यात एकटं सोडून घरी आले, त्याचा—”

“नाही गं, राग कसला?” डबी म्हणाली.

अनसूयाबाईंनी कपबशी खाली ठेवली.

“कदम, ते होतं तसं चुकीचं करून द्या.”

तासाभराने त्यांनी पुन्हा विचारलं. चार सेकंद शांतता पसरली. आज मात्र त्या शांततेत त्यांना एकामागून एक दोन खण वाचल्याची टकटक ऐकू आली.