घरच्या प्लेटलेट्स

तेजलने दिशाच्या तोंडातला कापूस बदलला. क्षणात तोही लाल झाला. सहा वर्षांची पोर. काल हलणारा दुधाचा दात तेजलनेच हसत हसत चिमटीत धरून काढला होता. तेव्हापासून रक्त वाहत होतं. मुलुंडच्या या हॉस्पिटलात औषधं झाली, इंजेक्शनं झाली. आज दुपारी प्लेटलेट्सची पिशवीही चढवून झाली. आता चार वाजले होते.

"आई, गिळू की थुंकू?"

"थुंक गं राणी," तेजल म्हणाली. याहून जास्त तिच्या हातात काही नव्हतं.

खरं तर रक्तपेढीत एका अनोळखी माणसाच्या प्लेटलेट्सची पिशवी सकाळीच तयार होती. पण गावाहून सासूबाईंचा फोन आला. "परक्याचा रगत नको हां चेडवाक. बापाशीचाच बरा." एरवी सासूबाईंशी हुज्जत घालणाऱ्या तेजलने पोरीला बापाचंच रक्त द्यायला मुकाट्याने होकार दिला होता. आपल्या माणसाचं लवकर लागू पडेल, असं तिलाही वाटलं. तिचा नवरा सुयोग धावत जाऊन प्लेटलेट्स काढायच्या मशीनशेजारी आडवा झाला. "काउंट तीन लाख! रक्तपेढीतली बाई म्हणाली, डोनर असावा तर असा," हे तो परतल्यापासून तिसऱ्यांदा सांगत होता.

डॉक्टर नीला आल्या. मागच्या आठवड्यात दिशाच्या अंगावरच्या निळ्या डागांसाठी पाठवलेल्या तपासणीचा रिपोर्ट त्यांच्या हातात होता.

"हिच्या प्लेटलेट्स कमी नाहीतच. प्रत्येक प्लेटलेटच्या आत बारीक पुड्या असतात. जखम झाली की आतला सांगाडा आवळला जातो, पुड्या कडेला येतात, त्यातला माल बाहेर पडतो. तेव्हा कुठे रक्त नीट गोठतं. हिचा सांगाडाच आवळत नाही. सगळं आतच पडून राहतं."

"पण दुपारी चढवल्या त्या तर धडधाकट होत्या ना?" तेजलचा आवाज चिरकला.

"कुणाच्या होत्या?"

"माझ्या," सुयोग पुढे सरकला. "घरच्याच."

डॉक्टरांनी हलकेच त्याच्या शर्टाची बाही वर सारली. सुई काढून सहा तास झाले होते. पट्टीखालून रक्त अजून झिरपत होतं.