एकही तक्रार नाही

"पुन्हा आमचंच गाव?" नर्स शेवंताबाईंनी वीज गेल्यामुळे नासलेल्या लशींचा डबा इंजिनिअर मृण्मयीच्या टेबलावर आपटला.

"ग्रिड वाचवायला कुणाची तरी वीज कापावी लागते, सिस्टर. जिथून तक्रारी कमी, ते गाव संगणकातलं मॉडेल निवडतं. तुमच्याकडून एकही नाही."

"अगं बाई, वीज गेली की मोबाईलचा टॉवर मरतो. तक्रार काय कबुतराकडनं पाठवू?"

ते मॉडेल मृण्मयीनंच बनवलं होतं. ती साहेबांकडे धावली.

"वर्षभरात ग्रिड एकदा तरी पडलं? मग मॉडेलला हात लावू नकोस," साहेब हसले. "उद्या सत्कार आहे तुझा."

ती परतली तोवर विजेची मागणी वाढली होती. स्क्रीनवर तेच गाव होतं. दुसरं गाव शोधायला वेळ नव्हता; आत्ता वीज कापली नाही, तर अख्खं राज्य अंधारात. शेवंताबाईंच्या डोळ्यांदेखत तिनं बटण दाबलं.