काढलेले फोटो

"हे सगळे तुम्ही काढलेत?" परीक्षकाने विचारलं.

"मीच. कंबर मोडली बघा," मुलीचे वडील म्हणाले आणि जेवणाच्या टेबलावर फोटोंची आणखी एक चळत आणून ठेवली.

फोटो क्लबात सगळे त्याला परीक्षकच म्हणत, आणि टिंगलीने पडलेलं हे नाव तो पदवीसारखं मिरवी. दर रविवारी हौशी मंडळी सहलीहून आणलेले शहरांचे फोटो घेऊन त्याच्यासमोर बसत आणि तो एकेकाची पिसं काढी. स्वतः कॅमेरा हातात घेऊन त्याला बरीच वर्षं झाली होती. दुसऱ्यांच्या चुका काढण्यातून सवड मिळेल तर ना.

आज मात्र तो परीक्षा द्यायला आला होता. मुलीला मागणी घालायला. मुलगी त्याला मनापासून हवी होती. तिच्याइतकं त्याला आजवर कुणी सहन केलं नव्हतं. ती आणि तिची आई बाजारात गेल्या होत्या आणि हा वेळेआधीच येऊन टपकला होता.

"आई हो म्हणाली की झालं," मुलीने सांगून ठेवलं होतं. "बाबा तिच्या शब्दाबाहेर नाहीत. आणि हे बघ, फोटोंचा विषय निघाला तर तोंड आवर." का, ते विचारायची तसदी त्याने घेतली नव्हती. फोटोंच्या बाबतीत त्याला कुणी शिकवलेलं खपत नसे.

आता कारण समोरच पसरलं होतं. होणारे सासरे हौशी निघाले. पाहुणा येणार म्हणून सोफ्यावरची जुनी चादरसुद्धा काढली नव्हती, पण फोटोंना मात्र काचा आणि चौकटी. सदऱ्याच्या बाहीने ते एकेक काच पुसत होते.

"एकट्यानेच काढलेत?"

"मग काय. ही हात लावेल तर शपथ. मागे उभी राहून सूचना तेवढ्या." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "तुम्ही यातले जाणकार, असं ऐकलंय. कुठे काय चुकलंय ते सांगा. पुढच्या महिन्यात परत निघतोय आम्ही, उपयोग होईल. आणि भिंतीवर कुठले लावायचे तेही ठरवायचंय."

परीक्षकाने क्षणभर विचार केला. या माणसाच्या मताला घरात किंमत नाही, हे त्याच्या मुलीनेच सांगितलं होतं. मग तोंड आवरायचं कुणासाठी?

"हा घड्याळाचा मनोरा," तो म्हणाला. "पडतोय की काय? कॅमेरा वाकडा धरलाय, काका. हे पहिलीतल्या पोराला कळतं."

"मलाही तो नेहमी कललेलाच वाटायचा. बोललो नाही कधी."

"आणि हा पूल. भर दुपारचा. ऊन डोक्यावर, सावल्या कुठेच नाहीत. शहराचा फोटो काढायचा तर पहाटे उठावं लागतं."

"पहाटे कसले? आवरून हॉटेलबाहेर पडेपर्यंत दुपारच होते आमची."

परीक्षकाने पुढचा उचलला. बाजारपेठ. अर्धी बस, दुकानांच्या पाट्या, आणि मधोमध दोन्ही हातांत पिशव्या घेतलेला एक पाठमोरा इसम. "हा कोण उपटसुंभ? पुलावरही असलाच एक होता. याला बाहेर ठेवायचं कळू नये?"

मुलीच्या वडिलांनी तो फोटो जरा वेळ न्याहाळला. "बिचाऱ्याच्या हातात पिशव्या आहेत," ते म्हणाले. "जाईल कुठे?"

असली उत्तरं परीक्षकाने क्लबातही ऐकली नव्हती. त्याने चळतीतले उरलेले फोटो भराभर उचलून बाजूला ठेवले. कारंजी, कबुतरं, पुतळे.

"राग मानू नका, काका, पण यात शहर कुठेच नाही. मी इथे येऊन गेलो, एवढंच काय ते. पोस्टकार्ड विकत घेतलं असतंत तर स्वस्तात पडलं असतं."

"अगदी बरोबर. मला नेमका हाच शब्द सापडत नव्हता."

क्लबात एव्हाना लोकांचे चेहरे पडत. एक बाई तर रडल्या होत्या. या गृहस्थांचा चेहरा मात्र खुलत चालला होता. इतका निगरगट्ट हौशी परीक्षकाने पाहिला नव्हता. त्याला त्यांची कीव आली, आणि कीव करण्यात त्याला नेहमीच सुख वाटे.

"मग भिंतीवर कुठला लावू?"

"स्पष्ट सांगू?"

"स्पष्टच सांगा. घरातलेच होणार तुम्ही."

"एकही नाही. खिळा वाया घालवण्याच्या लायकीचा एकही नाही. सगळे अडगळीत टाका."

वडिलांनी स्वतः उठून त्याला पाणी आणून दिलं. "हे असंच्या असं हिच्यासमोर सांगाल? माझं या घरात कुणी ऐकत नाही."

परीक्षकाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नवऱ्याच्या या खुळाला बाई किती विटल्या असतील. त्यांना जिंकायचा रस्ता आयताच सापडला होता.

"शब्दही न बदलता सांगेन," तो म्हणाला.

दार उघडलं. मुलीची आई आत आली, मागोमाग मुलगी. टेबलावर पसरलेले फोटो पाहून मुलीने त्याच्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. ती लाजतेय, असं त्याला वाटलं.

तो अदबीने उठून उभा राहिला. "काकू, मी काकांना आत्ताच सांगत होतो. हा कचरा भिंतीवर दिसता कामा नये. ज्याला कॅमेरा सरळ धरता येत नाही, त्याने गावोगाव हिंडून शहरांची विटंबना करू नये. तुम्ही हे इतकी वर्षं सहन कसं केलंत?"

बाईंनी हातातली पिशवी सावकाश खाली ठेवली.

"रंगारी यायच्या आत तू काढलेले सगळे फोटो मी भिंतीवरून काढले बघ," मुलीचे वडील बायकोला म्हणाले. "परत कुठले लावायचे, ते मात्र यांनाच विचार."